१८ वर्षांखालील भारतीय रग्बी संघाची निवड : पालक आणि खेळाडू नेहमी विचारतात ते प्रश्न

शाळेच्या परीक्षा संपत आल्या की माझा फोन वाजू लागतो. "सर, इंडियाच्या टीमसाठी ट्रायल कधी आहे?" प्रश्न चांगला असतो, पण त्यामागची माहिती बरेचदा अर्धवट असते. गेली काही वर्षं मी जिल्ह्यातली मुलंमुली राज्याच्या निवड चाचणीला घेऊन जातो. निवडणाऱ्यांच्या खुर्चीतही बसून झालं आहे. फोनवर जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं ते इथे एकत्र लिहिलं आहे.

माझ्या मुलाला थेट भारताच्या चाचणीला पाठवता येईल का?

सहसा नाही. वाट जिल्ह्यातून सुरू होते. जिल्हा संघटनेची चाचणी, मग राज्याची, मग राज्याच्या संघातून राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा. तिथे निवड समिती सामने बघते आणि संभाव्य खेळाडूंची यादी काढते. या मुलांचं शिबिर लागतं आणि शिबिराच्या शेवटी अंतिम संघ जाहीर होतो. केंद्र सरकारची मान्यता असलेली आणि वर्ल्ड रग्बी व आशिया रग्बी या जागतिक आणि आशियाई संघटनांची सदस्य असलेली राष्ट्रीय संघटना एकच, रग्बी इंडिया. भारताची जर्सी तिच्याच निवडीतून मिळते.

म्हणून पहिलं काम म्हणजे जिल्हा संघटनेकडे किंवा तिच्याशी जोडलेल्या क्लबकडे नाव नोंदवणं. जिल्ह्यात संघटना नसेल तर राज्य संघटनेला विचारा की शेजारच्या जिल्ह्यातून खेळता येईल का. हे चाचणीच्या आदल्या आठवड्यात करू नका. राज्याची चाचणी व्हायच्या आधी निदान एक हंगाम तरी मुलगा कुठेतरी नियमित सामने खेळलेला असावा.

"१८ वर्षांखालील" म्हणजे नेमकं किती वय?

इथे गोंधळ होणं साहजिक आहे, कारण शालेय क्रीडा स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे आहेत, तर रग्बी संघटनेच्या ज्युनियर संघाचा गट १८चा. एकाच मुलीला शाळेकडून एका गटात आणि संघटनेकडून दुसऱ्या गटात खेळावं लागतं.

शिवाय वय मोजायची तारीख सामन्याच्या दिवसाची नसते. आंतरराष्ट्रीय रग्बीत बहुतेकदा १ जानेवारी धरतात. उदाहरणार्थ, २०२५ची वर्ल्ड रग्बीची २० वर्षांखालील अजिंक्यपद स्पर्धा इटलीत झाली. तिच्यासाठी १ जानेवारी २००५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले खेळाडू पात्र होते, म्हणजे त्या वर्षात विशी गाठणारेही खेळू शकत होते. आपल्या स्पर्धेच्या परिपत्रकात "या तारखेनंतर जन्मलेले" असं स्पष्ट छापलेलं असतं. ती ओळ वाचा, गटाच्या नावावरून अंदाज बांधू नका.

वयाची तपासणी कशी होते? शाळेच्या दाखल्यावर तारीख वेगळी पडली आहे.

जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड आणि पासपोर्ट या सगळ्यांवर एकच तारीख हवी. आजोबांच्या पिढीत गुरुजी शाळेत नाव घालताना सरसकट १ जून लावून टाकायचे. ते दिवस गेले असले, तरी आजही गावाकडची काही मुलं अशी येतात की नगरपालिकेचा दाखला एक सांगतो आणि शाळेचं रजिस्टर दुसरंच. ही दुरुस्ती आधी करून घ्या. ती चाचणीच्या रांगेत उभं राहून होत नाही.

वय चोरण्याविरुद्ध केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची २०१०पासूनची संहिता आहे. शंका आली तर वैद्यकीय तपासणी होते, त्यात मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतात. या पद्धतीत काही महिन्यांचा फरक पडू शकतो, त्यामुळे प्रामाणिक मुलालाही कधीकधी शंकेला तोंड द्यावं लागतं. अशा वेळी जन्माच्या वेळची मूळ नोंद हाताशी असणं हाच आधार.

आणि तारीख "जुळवून" देणारा कुणी भेटला, तर त्याच्यापासून मुलाला दूर ठेवा. रग्बीत अंगावर अंग आदळतं. १९ वर्षांचा मुलगा १६ वर्षांच्या मुलाला टॅकल करतो, म्हणजे धरून खाली पाडतो, तेव्हा ही लबाडी कागदावर राहत नाही, समोरच्या पोराच्या खांद्यावर आणि मानेवर येते. मला या विषयात कुणाचंही स्पष्टीकरण ऐकायचं नसतं.

आमच्या शाळेत पंधरा जणांची रग्बी शिकवतात. निवड सात जणांच्या खेळासाठी होते का?

भारतात या वयोगटाच्या राष्ट्रीय आणि आशियाई स्पर्धा मुख्यतः सेव्हन्सच्या असतात. सेव्हन्स हा पंधरा जणांच्या रग्बीचाच छोटा प्रकार. मैदान पूर्ण मापाचं, पण खेळाडू सात आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. २०१६च्या रिओपासून तो ऑलिम्पिकमध्ये आहे आणि सरकारी मदतीचा ओघही त्यामुळे तिकडेच आहे. पंधरांच्या खेळात शिकलेलं वाया जात नाही, स्क्रमची (दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांत गुंतून चेंडूसाठी रेटतात ती) सवय आणि रकमधली (टॅकलनंतर जमिनीवरच्या चेंडूसाठी उभ्याने होणाऱ्या झटापटीतली) शिस्त तर उपयोगीच पडते. पण जितकी जागा तिथे पंधरा जण राखतात तितकीच इथे सात जणांना राखायची असते, याची तयारी पायांत हवी.

चाचणीच्या दिवशी काय काय करून घेतात?

प्रत्येक ठिकाणी क्रम थोडा वेगळा असतो. साधारण असं : सकाळी कागदपत्रं, उंची-वजन, पाठीवर नंबर. मग १० आणि ४० मीटरची धाव. मग दमाची चाचणी, म्हणजे बीप टेस्ट (बीपच्या आवाजाबरोबर वेग वाढवत मारायच्या फेऱ्या) किंवा ब्रॉन्को. ब्रॉन्कोमध्ये २० मीटर जाऊन परत, ४० जाऊन परत, ६० जाऊन परत अशी एक फेरी होते आणि अशा पाच फेऱ्या न थांबता मारायच्या असतात. एकूण १२०० मीटर. न्यूझीलंडच्या बॉडेन बॅरेटने २०२०मध्ये ती ४ मिनिटे १२ सेकंदांत पूर्ण केली होती. मुलांना हा आकडा सांगितला की ती आधी हसतात आणि तिसऱ्या फेरीत त्याचा अर्थ त्यांना कळतो.

त्यानंतर हाताचं काम : दोन्ही बाजूंना पास, दोघांविरुद्ध एक, उंच चेंडू झेलणं. मग टॅकल, आधी पॅडवर आणि नंतर माणसावर. शेवटी सामने. खरी निवड या सामन्यांत होते. आधीच्या आकड्यांचा उपयोग मुख्यतः हे बघायला होतो की मुलगा तयारी करून आला आहे की नाही.

काही साध्या गोष्टी. नवे बूट चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. गेल्या खेपेला एका मुलीच्या दोन्ही टाचा दुपारपर्यंत सोलून निघाल्या होत्या आणि शेवटच्या सामन्यात ती लंगडत होती. दातांसाठी माउथगार्ड घरीच गरम पाण्यात बसवून, दोन-चार दिवस लावून सराव केलेला असावा. चाचण्या बरेचदा उन्हाळ्यात असतात, तेव्हा आदल्या दिवसापासून पाणी प्या आणि सोबत मीठ-साखरेचं पाणी ठेवा. सकाळी वडापाव खाऊन ब्रॉन्को धावू नका. पोहे, केळी, भाकरी, जे रोज पोटाला मानवतं ते दोन-अडीच तास आधी खा.

निवड समिती नेमकं बघते काय?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि मी याचं उत्तर माझ्यापुरतं देतो.

पालक बघतात ते ट्राय, म्हणजे समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण. कुणी किती ट्राय मारले याचा हिशेब मैदानाबाहेर पाठ असतो. पण १४ मिनिटांच्या सामन्यात एका मुलाच्या हातात चेंडू फार तर मिनिटभर असतो. उरलेली मिनिटं तो काय करतो? माझ्या वहीत बहुतेक नोंदी त्या वेळातल्या असतात.

टॅकल केल्यावर तो जमिनीवर किती वेळ राहतो? चटकन उठून पुन्हा बचावाच्या रांगेत येतो की "माझं काम झालं" म्हणून गुडघ्यावर बसतो? त्याच्या हातून पास सुटला आणि समोरच्याने उचलला, तर त्यामागे धावणारा पहिला माणूस तो स्वतः आहे की डोक्यावर हात ठेवून उभा आहे? सोबतच्या खेळाडूने फट पाडली तर आधाराला मागून कोण येतं? बचाव करताना कोण बोलतं? सेव्हन्समध्ये गप्प राहणारा बचाव फुटतो. "माझा आतला, तुझा बाहेरचा" हे ओरडून सांगणारी एक मुलगी सहा जणींची जागा नीट ठेवते. तिचा वेग थोडा कमी असला तरी मला ती संघात हवी असते.

चूक झाल्यानंतरची दहा सेकंदं मी मुद्दाम बघतो. चूक सगळ्यांच्याच हातून होते. काही मुलं चुकीनंतर खेळातून मनाने बाहेर जातात, काही पंचांकडे बघतात, काही सोबत्यावर चिडतात. आणि काही असतात ज्यांना चूक झाल्याचं जणू पाय आधी सांगतात, ती धावत सुटलेली असतात. अशा मुलाला उरलेलं तंत्र शिकवता येतं.

कौशल्यही बघतो, अर्थातच. दोन्ही हातांनी सारखा पास जातो का. टॅकलमध्ये डोकं योग्य बाजूला, समोरच्याच्या अंगामागे, आहे का. डोकं समोरून घालणाऱ्या मुलाला मी कितीही धीट असला तरी त्या वर्षी पुढे पाठवत नाही. आधी तंत्र सुधारू दे. त्याच्या मानेची जबाबदारी माझ्यावर येते.

वेग मात्र मोठा गुण आहे, हे नाकारणार नाही. बिहारमधल्या बाढची स्वीटी कुमारी मुळात धावपटू होती, मग रग्बीत आली आणि २०१९मध्ये महिला रग्बीच्या जगात वर्षातली सर्वोत्तम युवा खेळाडू म्हणून तिचं नाव घेतलं गेलं. तिच्यासारखा वेग दिसला तर कुणीही निवडणारा थांबून बघतो.

मुलगी कबड्डी खेळते (किंवा खो-खो). रग्बीच्या चाचणीला येऊ शकेल का?

जरूर यावं. महाराष्ट्रात तर हा मोठा साठा आहे आणि आपण तो पुरेसा वापरत नाही. कबड्डीच्या पोरांना अंगाशी अंग भिडण्याची भीती नसते. पट काढणाऱ्या मुलाची कंबर आपोआप खाली जाते, आणि रग्बीत नव्या खेळाडूला नेमकं तेच शिकवायला महिने लागतात. समोरच्याच्या डोळ्यांना न फसता त्याच्या कमरेकडे बघायचं, हेही पकड करणाऱ्याला ठाऊक असतं. खो-खोमधून येणाऱ्यांची हुलकावणी बघण्यासारखी असते. नऊ मिनिटं पाठलाग चुकवायची सवय लागलेल्या मुलीला मोकळ्या मैदानात एकटीने पकडणं अवघड जातं.

पण दोन सवयी मोडाव्या लागतात. कबड्डीत पकड केली की सोडायची नसते, चढाईपटूला धरून ठेवण्यातच गुण असतो. रग्बीत समोरचा खाली पडला की टॅकल करणाऱ्याने त्याला लगेच सोडायचं आणि बाजूला व्हायचं असतं, नाहीतर पेनल्टी जाते. कबड्डीतून आलेले सुरुवातीला सामन्यात तीन-तीन पेनल्टी देतात आणि त्यांना कळतच नाही की आपलं काय चुकलं. दुसरं म्हणजे साखळी. चौघांनी मिळून एकाला घेरायची सवय सेव्हन्समध्ये घातक ठरते, कारण बाजूला अर्धं मैदान रिकामं पडतं. सहा महिने दिले तर दोन्ही सवयी सुटतात. म्हणून म्हणतो, चाचणीच्या आठवड्यात नको, आधीच्या पावसाळ्यात या.

मुलगा बारीक आहे. वजन कमी म्हणून काढतील का?

रग्बीत वजनगट नाहीत. न्यूझीलंडमध्ये काही ठिकाणी मुलांच्या स्पर्धा वजन बघून खेळवतात, कारण त्यांना हा प्रश्न पूर्वीपासून पडलेला आहे. आपल्याकडे ती सोय नाही.

मला इथे जरा थांबून बोलायचं आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलांची वाढ एका वेगाने होत नसते. कुणाला मिसरूड चौदाव्या वर्षी फुटतं, कुणाला सतराव्या. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेला मुलगा त्याच गटातल्या डिसेंबरच्या मुलाहून जवळजवळ वर्षाने मोठा असतो. या वयात वर्षभराचा फरक म्हणजे दहा किलो असू शकतो. निवडणारा घाईत असेल तर तो मोठ्या अंगाच्या मुलाला "चांगला खेळाडू" समजतो, आणि मागाहून वाढणारा मुलगा खेळ सोडून जातो. हा तोटा आपण दरवर्षी सोसतो आणि तो कुठे नोंदवलाही जात नाही.

मी चाचणीत मुलांना जन्ममहिना विचारतो आणि वहीत नंबरापुढे लिहून ठेवतो. डिसेंबरमधला बारीक मुलगा जानेवारीच्या दांडग्याला बरोबरीने झुंज देत असेल, तर माझ्या लेखी तो पुढे आहे. प्रत्येक समिती असं करते असा माझा दावा नाही. करायला हवं, असं मात्र ठाम मत आहे.

घरच्यांनी वजन वाढवायच्या मागे लागू नये. दोन वेळचं जेवण, अंडी किंवा डाळ-उसळ, दूध, शेंगदाणे, आणि रात्रीची पूर्ण झोप. या वयात एवढं नियमित झालं तर शरीर स्वतःच्या वेळेला भरतं.

मुलगा चाचणीत सगळ्यांत चांगला खेळला, तरी बारा जणांच्या अंतिम संघात नाव नाही. असं कसं?

सर्वोत्तम बारा खेळाडू आणि बारा जणांचा सर्वोत्तम संघ या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे पालकांना समजावणं फार जड जातं.

सेव्हन्समध्ये सात जणांत तीन फॉरवर्ड (स्क्रममध्ये रेटणारे) आणि चार बॅक (मागे मोकळ्या जागेत धावणारे). बारांच्या संघात साधारण पाच फॉरवर्ड, सहा बॅक आणि दोन्हीकडे चालेल असा एखादा. आता या खेळाची एक खासियत बघा : ज्याने गुण मिळवले तोच पुन्हा किकऑफ मारतो. म्हणजे चेंडू समोरच्याकडे जातो. जर तुमचा किक मारणारा अचूक असेल आणि उंच उडून झेलणारा कुणी असेल, तर तुम्ही ट्राय मारून लगेच चेंडू परत मिळवू शकता, समोरच्याला तो शिवायलाही मिळत नाही. म्हणून बारांत निदान दोन किक मारणारे आणि दोन-तीन झेलणारे लागतातच. ट्रायनंतर जादा गुणांसाठी मारायची किकही ड्रॉप किकच असते, म्हणजे हातातून सोडलेला चेंडू जमिनीला टेकताच मारायचा, तो जमिनीवर ठेवून मारता येत नाही.

अशा वेळी विंगवर, म्हणजे कडेच्या जागेवर, तीन सारखेच वेगवान मुलगे असतील, तर तिसरा घरी जातो आणि त्याच्यापेक्षा हळू पण भरवशाचा किक मारणारा संघात येतो. पायाची किंमत मोठी असते. २०१९मध्ये मनिला इथे भारताच्या महिला संघाने पंधरांच्या खेळातला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला, सिंगापूरवर २१–१९ असा. तो सामना सुमित्रा नायकच्या पेनल्टी किकने जिंकला गेला. तुमचा मुलगा विंगर असेल तर त्याला आजपासून रोज पन्नास ड्रॉप किक मारायला सांगा. दोन कामं येणाऱ्याला वगळणं समितीला अवघड जातं.

आणखी एक कारण म्हणजे दुखापत लपवणं. शिबिरात फिजिओ तपासतो तेव्हा ते बाहेर येतंच. दोन दिवसांत पाच-सहा सामने असतात. अर्ध्या बऱ्या गुडघ्यावर ते निभत नाहीत आणि अशा खेळाडूची जागा मग स्पर्धाभर रिकामीच राहते.

एका स्पर्धेवरून निवड करणं अन्यायाचं नाही का?

काही अंशी आहे. त्या आठवड्यात मुलगा तापाने फणफणला असेल तर वर्ष जातं. दक्षिण आफ्रिकेसारख्या देशातही हाच वाद आहे. तिथे १९६४पासून क्रेव्हन वीक नावाची शालेय प्रांतिक स्पर्धा होते आणि तिच्या अखेरीस शालेय राष्ट्रीय संघ निवडला जातो. एका आठवड्यात मुलाचं भवितव्य ठरतं, ही तक्रार तिथेही जुनी आहे. आयर्लंडमध्ये लीन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर आणि कॉनाक्ट या चार प्रांतांचे प्रशिक्षक मुलांना वर्षानुवर्षं बघत असतात, त्यामुळे २० वर्षांखालील संघ निवडताना कागदावर बरंच काही आधीच असतं. त्या संघाने २०१९, २०२२ आणि २०२३मध्ये सिक्स नेशन्सचे, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या वार्षिक स्पर्धेचे, सगळे सामने जिंकले, त्यात या सातत्याचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

आपला देश मोठा, प्रशिक्षक थोडे, पैसा कमी. मार्ग एकच दिसतो : जिल्ह्याच्या प्रशिक्षकाने प्रत्येक मुलाची वर्षभराची नोंद ठेवावी. किती सामने, कुठल्या जागेवर, दुखापती, धावेची वेळ. मी अशी दोन पानं मुलासोबत पाठवतो. ती वाचली जातीलच असं नाही, पण वाचली गेल्याचं दोन-तीनदा पाहिलं आहे.

इंग्रजी किंवा हिंदी नीट येत नाही. शिबिरात अडचण येईल का?

पहिले चार दिवस येईल. मग नाही. ओडिशातल्या आदिवासी पाड्यांतून, बिहारच्या खेड्यांतून, बंगालमधून, महाराष्ट्रातून मुलं एकत्र येतात, सगळ्यांचीच हिंदी थोडी मोडकी असते. मैदानावरचे वीस-पंचवीस शब्द सगळीकडे तेच आहेत. ते आधी पाठ करून या.

आम्ही परदेशात राहतो, मुलाकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे. तो भारताकडून खेळू शकेल का?

वर्ल्ड रग्बीच्या नियमाने शक्य दिसतं, भारत सरकारच्या नियमाने नाही. वर्ल्ड रग्बीला जन्म, आई-वडील, आजी-आजोबा किंवा त्या देशाच्या संघटनेकडे सलग ६० महिन्यांची नोंदणी यांपैकी एक नातं पुरतं. पण केंद्र सरकारने २००८मध्ये ठरवलं की भारताचं प्रतिनिधित्व भारतीय नागरिकच करतील, म्हणजे भारतीय पासपोर्ट हवा. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड पुरत नाही. लंडन-ऑकलंडकडच्या मराठी घरांतून हा प्रश्न येतो तेव्हा नाही म्हणताना वाईट वाटतं, कारण ही मुलं चांगल्या क्लबांत घडलेली असतात. भारतीय पासपोर्ट असलेलं मूल परदेशात राहत असेल तर त्याने रग्बी इंडियाला लिहावं, सोबत पूर्ण सामन्यांची चित्रफीत जोडावी. फक्त ट्रायचे तुकडे जोडलेली चित्रफीत नको, त्यातून काहीच कळत नाही.

निवडीसाठी पैसे भरावे लागतात का?

निवडीसाठी एक रुपयाही नाही. प्रवास, किट, नोंदणी यांचा काही खर्च राज्य पातळीवर पालकांवर येतो, त्याची पावती मागा.

"आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी तुमच्या मुलाची निवड झाली आहे, इतके हजार भरा" असा निरोप आला तर आधी रग्बी इंडियाकडे आणि राज्य संघटनेकडे चौकशी करा. मान्यता नसलेल्या संस्था शेजारच्या देशात दोन-चार सामने खेळवून "इंडिया" लिहिलेली जर्सी आणि प्रमाणपत्र देतात. एका आईने मंगळसूत्र गहाण ठेवून मुलाला असं पाठवलं होतं. ते प्रमाणपत्र कुठेच चाललं नाही. त्या घरात बसून मी ते प्रमाणपत्र हातात घेतलं होतं, म्हणून इतक्या कळकळीने लिहितो आहे.

डोक्याला मार लागला तर? मुलगा म्हणतो मी ठीक आहे.

त्याचं ऐकू नका. शंका आली की बाहेर काढायचं आणि त्या दिवशी परत मैदानात उतरवायचं नाही, हा जगभरचा नियम आहे. बेशुद्धी आलीच पाहिजे असं नाही. गोंधळलेली नजर, तोल जाणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, उलटी, प्रकाश सहन न होणं, एवढं पुरे. परत खेळणं टप्प्याटप्प्याने आणि डॉक्टरांच्या संमतीने, आणि सामना किमान २१ दिवसांनंतरच. चाचणी आठवड्यावर असेल तर ती चाचणी गेली असं समजा. मी स्वतः एका मुलाला राज्य चाचणीच्या सकाळी परत घरी पाठवलं आहे. तो रडला, वडील महिनाभर बोलले नाहीत. पुढच्या वर्षी तो आला.

प्रोटीन पावडर, औषधं?

राष्ट्रीय शिबिरातल्या मुलांची राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडून, म्हणजे नाडाकडून, चाचणी होऊ शकते आणि "मला माहीत नव्हतं" हे कारण चालत नाही. जिममधल्या दादाने दिलेली डब्यातली पावडर, नाव नसलेली "ताकदीची" पुडी, दोन्ही बंद. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, तेही स्पर्धेच्या काळात अडचणीचं. पोटात घ्यायची स्टेरॉइडची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर आधी परवानगी काढावी लागते. दम्याचा पंप वापरणाऱ्या मुलांनी तो लपवू नये. ठरलेल्या मात्रेत तो चालतो, फक्त कागद सोबत हवा. अल्पवयीन खेळाडूची चाचणी होताना सोबत मोठं माणूस असू शकतं, हेही मुलाला सांगून ठेवा.

मुलीला शिबिराला पाठवायला घरचे तयार नाहीत.

विचारायचे प्रश्न विचारा, तो तुमचा हक्क आहे. संघासोबत महिला व्यवस्थापक आहे का? राहण्याची सोय वेगळी आहे का? तक्रार कुणाकडे करायची, त्या व्यक्तीचं नाव आणि नंबर काय? मुलींना रोज घरी फोन करायची वेळ आहे का? नीट चाललेल्या शिबिरात याची उत्तरं तयार असतात. उत्तर देताना कुणी चिडलं, तर तेही एक उत्तरच समजा.

आणि घरच्यांना हेही सांगा की भारताच्या रग्बीत सध्या मुलीच पुढे आहेत. १८ वर्षांखालील मुलींनी २०२१मध्ये ताश्कंदला आशियाई सेव्हन्समध्ये रौप्य मिळवलं, २०२५च्या ऑगस्टमध्ये बिहारमधल्या राजगीरला २० वर्षांखालील मुलींनी आशियाई कांस्य. आपल्या पुण्याची वाहबिझ भरुचा भारताची कर्णधार होती, आणि ती फिजिओथेरपिस्टही आहे. खेळ आणि शिक्षण एकत्र चालत नाही म्हणणाऱ्या काकांना हे नाव सांगा.

दहावी-बारावीचं वर्ष आहे. क्रीडागुण मिळतात का? नोकरीत उपयोग?

महाराष्ट्रात बोर्डाच्या परीक्षेत पात्र खेळाडूंना सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण कुठली स्पर्धा आणि कुठला खेळ त्यात धरला जातो हे त्या-त्या वेळच्या शासन निर्णयावर ठरतं. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन चालू यादी बघा. प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा, पाऊस आपल्याकडे कागद सोडत नाही.

निवड झाली नाही. कारण विचारता येतं का?

येतं, पण त्याच दिवशी मैदानावर नको. आठवडाभर जाऊ द्या. मग मुलाने स्वतः, पालकांनी नव्हे, आपल्या प्रशिक्षकामार्फत लेखी विचारावं : "मी कशात कमी पडलो आणि पुढच्या वेळेपर्यंत काय सुधारू?" अशा पत्राला उत्तर देणं निवडणाऱ्याचं कर्तव्य आहे असं मी मानतो. मी दरवेळी देतो, निदान तीन ओळींचं.

मागच्या वर्षी असं एक पत्र आलं, चौकोनी वहीच्या पानावर, पेन्सिलीने. मुलगी सोळाची, फॉरवर्ड. मी लिहिलं : डावीकडचा पास कमजोर आहे, टॅकलनंतर उठायला वेळ लागतो, बोलतेस मात्र छान. तिच्या सरांनी नंतर सांगितलं, तिने ते पान घराच्या भिंतीला चिकटवलं आहे आणि शेतातल्या बांधावर धाकट्या भावाला उभं करून रोज डावीकडे शंभर पास टाकते. यंदाच्या चाचणीत तिच्या पाठीवरचा नंबर ३१ होता. डावीकडचा पास आता जातो. उठायला अजून वेळ लागतो, ते मी यंदाच्या उत्तरात लिहिलं आहे.